टॅबवर "काम" होतं का?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते. चिपळूणहून भावाने विचारला, कारण भाची कराडला सिव्हिल इंजिनिअरिंगला गेली आणि तिला टॅब हवाय. सांगलीकडच्या मामेबहिणीने विचारला, ती शिकवण्या घेते. शेजारच्या काकांनी विचारला, त्यांना फक्त नातवाचं तोंड बघायचंय (त्यांना म्हटलं, काका, तुम्ही बिनधास्त घ्या). प्रश्न सगळ्यांचा एकच. टॅब घेतला तर लॅपटॉपची गरज उरते का? आणि मग आवाज थोडा खाली आणून, "म्हणजे बघायबिघायला ठीक आहे गं, पण *काम* होतं का त्यावर?"

मंडळी, मी काही तंत्रज्ञ नाही. भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं करते, कोयनानगरात राहते, आणि मागच्या जुलैपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे टॅबशिवाय काही नव्हतं. का, ते पुढे येईलच. तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे. बाकी कुठला प्रोसेसर भारी वगैरे वाचायचं असेल तर इंटरनेट भरून पडलंय.

हा वाद तसा जुना आहे. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सने आयपॅड दाखवला तेव्हा रंगमंचावर चक्क सोफा ठेवला होता आणि त्यावर रेलून बसून तो वापरून दाखवला. फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली वस्तू, अशी त्याची मांडणी. म्हणजे बसण्याची जागाच ठरवून दिली होती, टेबल-खुर्ची नाही, सोफा. त्याच वर्षी जूनमध्ये एका मुलाखतीत त्याने आणखी एक उपमा दिली. पीसी म्हणजे ट्रक. शेतीप्रधान देशात सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, शहरं वाढली तशा मोटारी आल्या. ट्रक राहतील, पण फार थोड्यांना लागतील.

ही उपमा मला आवडते, पण ती देणारा माणूस कुंभार्ली घाटाखाली उभा राहिलेला नव्हता. आमच्या गुहागर-विजापूर रस्त्यावर दिवसभर ट्रकच ट्रक. घाट चढताना त्यांच्या मागे अडकलेल्या मोटारवाल्याला ट्रकचा भयंकर राग येतो, आणि त्याच मोटारवाल्याच्या घरातला गहू, सिमेंट, फरशी सगळं त्या ट्रकमधूनच आलेलं असतं. थोड्यांना लागतात म्हणे! चालवणारे थोडे असतात, लागतात सगळ्यांना.

असो. पुढे २०१५ मध्ये आयपॅड प्रो आला, पेन आलं, कीबोर्डचं कव्हर आलं, आणि ॲपलचे टिम कुक म्हणायला लागले की आता पीसी कोणी कशाला घेईल. २०१७ मध्ये त्यांची एक जाहिरात होती, तिच्यात आयपॅड घेऊन दिवसभर फिरणारी मुलगी शेवटी विचारते की कॉम्प्युटर म्हणजे काय. लोक चिडले होते त्या जाहिरातीवर. त्याच वर्षी सॅमसंगने फोन मोठ्या पडद्याला जोडून कॉम्प्युटरसारखा वापरायची सोय आणली, पुढच्या वर्षी ती टॅबमध्येही आली. आयपॅडला माऊस नीट चालायला मात्र २०२० उजाडलं, आणि एकावर एक खिडक्या उघडून, हव्या तशा लहानमोठ्या करून काम करायची सोय यायला २०२५. म्हणजे बघा, पंधरा वर्षं टॅब हळूहळू लॅपटॉप होत गेला. ज्याने लॅपटॉपला घालवायचं होतं त्याने एकेक करून त्याचेच कपडे चढवले.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळीच सुरू झाली. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबचं अनावरण केलं. विद्यार्थ्यांसाठी, ३५ डॉलरच्या स्वप्नातला. सात इंची पडदा, २५६ एमबी मेमरी, आणि टच असा की बोट टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं. तेव्हा आपण सगळे किती हरखलो होतो! लॅपटॉप परवडत नाही त्याच्या हातात टॅब, म्हणजे दरी मिटली, असं वाटलं होतं. दरी काही मिटली नाही. पण कमी पैशात मिळेल ते द्या आणि त्यावर खऱ्या कामाची अपेक्षा करा, ही सवय मात्र राहिली. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आठवतंय? मेमरी अपुरी, ॲपमध्ये इंग्रजीचा जाच, आणि नोंदी तर रोज भरायच्याच. त्या बायकांचं काम "खरं" नव्हतं असं कोण म्हणेल?

म्हणून मला वाटतं, प्रश्न "टॅबवर काम होतं का" असा नाहीच. कुठलं काम, हे आधी विचारायला हवं. आता माझी गोष्ट सांगते.

कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपड्यांना वास, काड्यापेटी पेटत नाही, पापड डब्यात वाकतात. आणि लाईट जाते. इथेच गंमत आहे. धरणाच्या पायथ्याशी आणि खाली पोफळी-अलोर्‍याच्या बाजूला मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. १९९९ मध्ये तळ्याच्या तळाला खालून भोक पाडायचा प्रयोग, लेक टॅपिंग, आशियात पहिल्यांदा इथेच झाला. आणि आम्ही पावसाळ्यात मेणबत्ती कुठे ठेवली ते शोधत असतो. (पाहुण्यांना हा विनोद आम्हीच आधी सांगून टाकतो, म्हणजे त्यांनी सांगायचं टळतं.)

तर गेल्या जुलैत माझा सात वर्षांचा लॅपटॉप गेला. आधी पडद्याच्या कडेला बुरशीसारखे डाग आले, मग एका सकाळी चालूच होईना. कराडचा दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड गेलाय, ताई, यात पैसे घालू नका. घरात एक अकरा इंची अँड्रॉइड टॅब होता, कीबोर्डच्या कव्हरसकट आणि पेनासकट, पुस्तकं वाचायला घेतलेला. म्हटलं, बघू या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सांगलीहून मामांचा फोन आला.

माझं आजोळ पाण्याखाली आहे. म्हणजे अक्षरशः. शिवसागर जलाशय भरला तेव्हा काठावरची जी गावं उठली त्यातलं एक. कोणी सोलापूर जिल्ह्यात गेलं, कोणी रायगड-ठाण्याकडे, आमच्या मामांच्या वाट्याला सांगली जिल्हा आला. कोयनेच्या खोऱ्यातल्या भातशेतीवाल्या माणसाला कोरड्या माळावर नेऊन बसवलं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. या खोऱ्यातल्या धरणग्रस्तांचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत, २०१८ मध्ये इथे कोयनानगरातच डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त दिवसेंदिवस ठिय्या देऊन बसले होते, तो मी रोज येता-जाता पाहिलाय. मामांना हवा होता प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला, नातवासाठी. सरकारी नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मामांनी हयातभर तो दाखला काढलाच नव्हता, "भीक नको" म्हणून. आता नातवाची वयोमर्यादा जवळ आलेली. "तू धरणाच्या दारात राहतेस, तुला कागद वाचता येतात, तेवढं लावून दे," एवढंच म्हणाले. मामा कधी काही मागत नाहीत. आई गेल्यावर माहेरपण त्यांनीच केलं माझं. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी. तीत एकसष्ट कागद. भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, जुने सातबारे, फेरफार, पावत्या, काही मोडीत, काहींना कसर लागलेली, एक तर घडीवर चार तुकडे झालेला. ते सगळं वाचायचं, लावायचं, वंशावळ जुळवायची, आणि अर्ज भरायचा.

हे काम टॅबवर झालं का? तर अर्धं इतकं छान झालं की लॅपटॉपवर झालंच नसतं. आणि उरलेलं अर्धं काही केल्या होईना.

छान झालेलं आधी सांगते. मी एस.टी.ने सांगलीला गेले, पेटी उघडली, आणि दोन दिवसांत सगळे कागद टॅबने टिपले. टॅब दोन डब्यांवर आडवा ठेवायचा, खाली कागद सरकवायचा, बस. झेरॉक्सच्या काचेवर दाबले असते तर त्यातले दहा तरी कागद मोडले असते. बॅटरी दिवसभर पुरली, आतच सिमकार्ड, त्यामुळे हॉटस्पॉटची भानगड नाही. येताना कराडला उतरून मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पेन हातात घेतलं, मग मोडीतल्या प्रत्येक ओळीच्या वर, फोटोवरच, देवनागरीत लिहायला सुरुवात केली. अडीच तासांत सात कागद. चुकलं की खोडायचं, मूळ कागदाला धक्का नाही. ऐंशीच्या घरातले गुरुजी म्हणाले, "हे पूर्वी असतं तर माझे डोळे वाचले असते." लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्यांनी तो नम्रपणे माझ्याकडे परत सरकवला असता.

आणि दुसरा प्रसंग मामांचा. कागदांत गावाचा एक जुना नकाशा निघाला, मळलेला, बारीक अक्षरांचा. मामांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही बेताचंच दिसतं. टॅब मांडीवर ठेवला आणि दोन बोटांनी नकाशा मोठा करून दाखवला. मामा गप्प. मग त्यांनी स्वतःच बोट टेकवलं, ओढलं, आणखी मोठं केलं. "हा ओढा. हे देऊळ. हे आपलं." मग त्या "आपलं" वरून पुढे शेजारी कोण, त्याच्या पलीकडे कोण, कोणाचं शेत कुठे, सगळं भराभर बाहेर आलं आणि मी टॅबचं रेकॉर्डिंग चालू ठेवून नुसती ऐकत बसले. वंशावळीतल्या दोन चुलत घराण्यांचा गुंता त्या संध्याकाळी सुटला. निवाड्यातला जो माणूस आम्हाला परका वाटत होता तो मामांच्या आजोबांचा दत्तक गेलेला भाऊ निघाला. हे *काम* नाही तर काय?

आता दुसरी बाजू.

जुन्या कागदांत आडनाव नसतं. अमुक बिन तमुक, एवढंच. पुढच्या फेरफारात त्याच माणसाला आडनाव लागतं, त्यापुढे नावाचा उच्चारही बदलतो. एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी येतो आणि तो एकच आहे हे सिद्ध करणं हाच सगळ्या अर्जाचा जीव. त्यासाठी एका वेळी डोळ्यापुढे काय काय लागतं? निवाडा, फेरफार, सातबारा, आणि ज्यात आपण नोंदी करतोय तो तक्ता. माझ्या टॅबवर पडदा दुभंगून दोन गोष्टी नीट दिसायच्या, तिसरी आणली की सगळंच नखाएवढं व्हायचं. मी चार दिवस झटले. एकीकडून दुसरीकडे जायचं, नाव डोक्यात धरून ठेवायचं, परत येईपर्यंत ते "बाळा" होतं की "बाबा" ते विसरायचं. शेवटी काय केलं सांगू? दुकानातून पांढरी कार्डशीट आणली, जमिनीवर पसरली आणि पेन्सिलीने तक्ता आखला. नव्या यंत्रावर अडलं आणि वाट निघाली ती कागदावर. (भावाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, मग टॅबही नको आणि लॅपटॉपही नको, कार्डशीटच घेऊन देऊ का पोरीला?)

मग मराठीची कथा. पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी मजेत लिहिता येतं, शब्द सुचवतो, फोनवर आपण सगळे तेच करतो. पण कव्हरचा कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा लपायचा आणि त्याच्यासोबत त्याची ती हुशारीही. लॅपटॉपवर माझी बोटं इनस्क्रिप्टवर आंधळेपणाने चालतात. इथे एकतर काचेवर टकटक, नाहीतर कीबोर्ड आणि भाषा बदलत बसणं. जोडाक्षराच्या मधोमध बोट टेकवून वेलांटी सुधारायची म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. बोलून लिहायची सोय आहे, गूगलने मराठीसाठी ती २०१७ मध्ये आणली, आणि ती आता खरंच चांगली आहे. पण आमच्या घराच्या पुढच्या पडवीला पत्रा आहे. पत्र्यावर आषाढाचा पाऊस सुरू झाला की टॅबला पाऊसच ऐकू येतो. आणि रेंज गेली की तो बहिराच.

सगळ्यात जास्त अडलं ते मात्र टॅबमुळे नाही. मामांच्या एका जुन्या वकिलांनी वीस वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाची फाईल सीडीवर होती. ती कशीबशी टॅबवर आणली तर उघडल्यावर नुसता चिन्हांचा चिवडा. ज्यांनी त्या काळात डीटीपी पाहिलंय त्यांना लगेच कळेल, युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. श्रीलिपी, शिवाजी, आकृती, प्रत्येकाची वेगळी बाराखडी. तो फॉन्ट टॅबवर बसवायचा काही मार्ग मला सापडला नाही. पुढे अर्ज भरायच्या संकेतस्थळावर फाईल अमुक केबीच्या आत हवी, सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये हवेत, क्रमाने हवेत, आणि मोबाईलवरून चढवलं की पान अर्ध्यात अडकायचं. शेवटी शेजारच्या मास्तरांचा लॅपटॉप दोन रात्रींसाठी मागून आणला. फॉन्ट बसवला, चिवड्याचं मराठी झालं. तक्ता एक्सेलमध्ये घातला, नावाने लावला, सनावळीने लावला, दोन ठिकाणची विसंगती तिथल्या तिथे दिसली. चार दिवस आणि एक कार्डशीट जिथे अडली होती ते दोन रात्रींत पुरं झालं. फाईल गेली.

त्या दोन रात्रींत माझ्या लक्षात आलं की टॅब गोळा करायला, वाचायला, दाखवायला आणि दुसऱ्या माणसाजवळ बसून करायच्या कामाला उत्तम. लॅपटॉप लागतो तो एकट्याने बसून लावालाव करायला. दोन्ही खरीच कामं आहेत, पण आपण "काम" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त दुसरं डोळ्यापुढे असतं. आणि आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. टॅबची ताकद आता लॅपटॉपपेक्षा कमी राहिलेलीच नाही. २०२१ पासून आयपॅड प्रोमध्ये तर तीच चिप आहे जी त्यांच्या लॅपटॉपमध्ये. अडतं ते आजूबाजूला. सरकारी संकेतस्थळ, जुना फॉन्ट, एक्सेलमधले मॅक्रो (ते टॅबवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत), माझ्या व्यवसायातली भाषांतराची मोठी सॉफ्टवेअरं जी विंडोजशिवाय उघडत नाहीत.

आमच्या तलाठ्यांकडे बघा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, २०२४ पासून). १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी बांधावर उभा राहून फोनमध्ये पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. २०२७ ची जनगणनासुद्धा कागदावर नाही, मोबाईल ॲपवर करायचं ठरलंय. म्हणजे शिवारातलं सगळं काम हातातल्या काचेवर आलं. पण त्याच शेतकऱ्याचा फेरफार मंजूर करायचा तर अधिकारी कचेरीत लॅपटॉप उघडतो आणि त्याला डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा खोचतो. सही लॅपटॉपवर! चिपळूणचा माझा एक मित्र कर सल्लागार आहे, तो म्हणतो, "मी टॅबवर सगळं करीन गं, पण अशिलाची सही खोचायला भोक कुठे आहे?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. भोक असलं तरी त्या सहीचं सॉफ्टवेअर टॅबसाठी कोणी लिहिलं पाहिजे ना.

तर आता ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना उत्तरं.

मामेबहिणीला म्हटलं, टॅबच घे आणि घरातला तो जुना लॅपटॉप विकून टाक. ती गणित शिकवते. पेनाने लिहायचं, मुलांना तेच पान पाठवायचं, वह्या तपासायच्या. तिच्या कामाला लॅपटॉप म्हणजे जेवणाच्या पंगतीत ट्रक आणून उभा करण्यासारखं. ती खूष आहे.

भावाला म्हटलं, लॅपटॉप. त्यावर भाची माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. "आत्या, तू स्वतः टॅब मिरवतेस आणि मला ते ओझं?" तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. व्याख्यानाच्या नोट्स, आकृत्या, समीकरणं, यांत पेन आणि टॅबला तोड नाही, आणि तिच्या वर्गातली निम्मी मुलं तसंच करतात. पण सिव्हिलला पुढे स्टॅड लागणार, पूर्ण ऑटोकॅड लागणार, आणि ते विंडोजवर. भावाच्या खिशाला दोन्ही एकदम झेपणार नव्हते. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात त्याच्या दुकानात पाणी शिरलं होतं, त्यातून तो आत्ता कुठे सावरतोय. पंचावन्न हजार एकदाच घालायचे तर चार वर्षं पुरेल तिथेच घालायला हवेत. एक मात्र तिच्या बाजूने मी भावाला नक्की सांगितलं. तिला "टॅब म्हणजे खेळणं" असं म्हणू नकोस. ती खेळायला मागत नव्हती. पहिल्या सेमिस्टरनंतर तिने स्वतःच फोन करून सांगितलं की लॅबमध्ये मशीन मिळत नाहीत आणि लॅपटॉपमुळे तिचं अडत नाही. माझ्यावर उपकार केल्याच्या सुरात सांगितलं, पण सांगितलं!

आणि मी? दिवाळीला एक वापरलेला, दुरुस्त करून विकतात तसा, लॅपटॉप घेतला. बावीस हजार. वर सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा, पावसाळ्यात लॅपटॉप रात्री त्यात झोपतो. सकाळचं पहिलं वाचन, गिऱ्हाइकाची पत्रं, मुद्रितशोधन हे सगळं टॅबवर व्हायचं, पेनाने लाल खुणा करत, अगदी पूर्वी प्रूफं तपासायचो तसं. मुद्रितशोधनासाठी मी आता लॅपटॉपकडे परत जाणार नाही. काचेवर पेन टेकवून वाचताना ऱ्हस्वदीर्घ जास्त दिसतात, हा माझा अनुभव. लांबीची भाषांतरं मात्र लॅपटॉपवर.

"व्हायचं" म्हटलं कारण टॅब सध्या माझ्याकडे नाही. मामांच्या अर्जाची पोच मिळाली, क्रमांक मिळाला, दोनदा त्रुटी काढल्या त्या भरून दिल्या. दाखला अजून यायचाय. नातवाच्या वयोमर्यादेला चौदा महिने उरलेत, मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय. मागच्या महिन्यात सांगलीला गेले तेव्हा मामांनी नकाशा परत बघायला मागितला, आणि निघताना टॅब परत मागायची मला हिंमत झाली नाही. मामी सांगत होती, रोज दुपारी घेऊन बसतात आणि आता शेतांची नावं नातवाकडून त्या नकाशावर लिहून घेतायत, पेनाने. बावीस नावं झालीत. चार्जर कसा लावायचा हेही शिकलेत.

इथे लाईट गेलीय, लॅपटॉपची बॅटरी चौदा टक्के दाखवतेय, आणि वापरलेल्या लॅपटॉपच्या चौदा टक्क्यांवर विश्वास ठेवू नये. तेव्हा हे चढवून टाकते. त्रुटी राहिल्या असतील तर त्या अंधाराच्या.